आधी कोणाला वाचवायचे? करेरा, चंबळ आणि कुनोच्या वाटेवर

(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत, मंडळाच्या निसर्ग समितीच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



बोलायला एकच जण उभा असला तरी हे भाषण चौघांचे आहे. गेल्या वर्षी मंडळाने आमची चौघांची एक छोटी समिती नेमली, तिचा हा अहवालच समजा. म्हणून बोलण्यात सारखे ‘आम्ही’ येईल. ग्वाल्हेरसारख्या राजेरजवाड्यांच्या गावात कुणी ‘आम्ही’ म्हणाले की लोक जरा सावरून बसतात. पण हा ‘आम्ही’ तसला नाही. साधे चौघांचे अनेकवचन आहे.

तर झाले असे. गेल्या उत्सवाचा जमाखर्च मांडल्यावर ५१ हजार रुपये शिल्लक राहिले. कार्यकारिणीत ठरले की ही रक्कम आपल्या भागातले वन्यजीव वाचवण्याच्या कामाला द्यावी. ठराव एकमताने झाला आणि एकमत तिथेच संपले. कारण पुढचा प्रश्न आला, द्यायची कोणासाठी? तरुण मंडळी म्हणाली, चित्त्यासाठी. ज्येष्ठांना आठवत होता माळढोक, आपल्याकडे ज्याला सोनचिरैया म्हणतात. कुणी घडियालाचे नाव घेतले, कुणी गिधाडाचे. एक काकू म्हणाल्या, “आधी आपल्या अंगणातल्या चिमण्यांचे बघा.” चहा दोनदा झाला, निर्णय झाला नाही. शेवटी नेहमीप्रमाणे समिती नेमली.

ज्याच्या मांडवात आपण बसलो आहोत, तो देवच मुळी अग्रपूजेचा मानकरी आहे. आधी कोण, हा वाद त्यालाही चुकला नाही. पृथ्वीप्रदक्षिणेची पैज लागली तेव्हा कार्तिकस्वामी मोरावर बसून निघाले, आणि आपल्या बाप्पांनी आईवडिलांना प्रदक्षिणा घातली. लहानपणी आपल्याला ही बुद्धीची गोष्ट म्हणून सांगतात. समितीचे काम करताना आम्हाला तिचा आणखी एक अर्थ दिसला. पळायला लागण्यापूर्वी बाप्पांनी विचार केला की ‘पृथ्वी’ म्हणजे नेमके काय मोजायचे. मोजायचे काय हे ठरले की पहिला कोण, हे बरेचसे आपोआप ठरते.

वन्यजीवांचेही असेच आहे. जगभरच्या शास्त्रज्ञांची एक लाल यादी आहे. त्यात प्रत्येक जातीपुढे ती नामशेष होण्याच्या किती जवळ आहे, याचा शेरा असतो. आम्ही आधी तीच यादी घेऊन बसलो. वाटले, सर्वांत वाईट शेरा ज्याचा, त्याला पहिला नंबर. पण ती यादी म्हणजे रुग्णाच्या तापाचा तक्ता आहे. ताप किती ते कळते. औषध कोणते, ते आपल्याकडे आहे का, आणि आधी कोणाकडे धावायचे हे त्यावरून कळत नाही. दुसरा एक हिशेब आहे नॉर्मन मायर्स या शास्त्रज्ञाने १९८८ मध्ये मांडलेला. जिथे दुसरीकडे कुठेही न सापडणाऱ्या वनस्पती भरपूर आहेत आणि मूळची हिरवाई बहुतांश गेली आहे, असे प्रदेश आधी राखावेत. पुढे त्याची मोजपट्टी ठरली ती अशी: किमान १,५०० खास तिथल्याच वनस्पती, आणि मूळचे ७० टक्के आच्छादन नष्ट झालेले. या हिशेबात आपल्या पूर्वजांचा सह्याद्री बसतो. पण आपली चंबळ बसत नाही, कारण तिचे धन वनस्पतीत नसून पाण्यात आणि वाळूत आहे. म्हणजे मोजपट्टी बदलली की उत्तर बदलते.

तेव्हा आम्ही ठरवले, कागद बाजूला ठेवू आणि जाऊन पाहू. आपण भाग्यवान आहोत. ग्वाल्हेरपासून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल अशा टापूत तीन जागा आहेत, आणि तिन्हींची कथा वेगवेगळी आहे. दिवाळीनंतर ते होळीपर्यंत आम्ही तिन्हीकडे जाऊन आलो.

पहिली फेरी करेऱ्याची. शिवपुरी जिल्ह्यातले करेरा. १९८१ मध्ये इथे खास माळढोकासाठी अभयारण्य झाले. आपल्या ग्वाल्हेरजवळचे घाटीगावचे अभयारण्यही त्याच पक्ष्यासाठी. माळढोक म्हणजे माणसाच्या कंबरेइतका उंच पक्षी. नराचे वजन १५ किलोपर्यंत भरते, उडणाऱ्या पक्ष्यांत हा फार मोठा आकडा आहे. जमिनीवरच, उघड्या माळावर, मादी बहुधा एकच अंडे घालते. झाड नको, जंगल नको. गवत, थोडी शेती आणि शांतता, एवढेच त्याचे मागणे. सालिम अलींनी राष्ट्रीय पक्षी म्हणून ज्याचे नाव सुचवले होते तो हाच. मान मोराला मिळाला.

१९८० च्या दशकात करेऱ्याला माळढोक होते. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे असद रहमानी यांच्यासारखे अभ्यासक तिथे मुक्काम करून राहिले. गावकऱ्यांना सुरुवातीला या पक्ष्याचे कौतुकच होते. मग अडचण सुरू झाली. अभयारण्याच्या २०२ चौरस किलोमीटरमध्ये जंगल असे फारसे नव्हतेच. होती ती लोकांची शेते आणि गावे. अभयारण्य झाल्यावर जमिनीच्या खरेदी-विक्रीवर बंधने आली. संरक्षण मिळाल्याने काळविटे वाढली आणि उभे पीक खाऊ लागली. भरपाईचा पत्ता नाही. ज्या पक्ष्यामुळे हे सगळे झाले, त्याच्यावर लोकांचा राग वळला. माळ नांगरले गेले, कळपांची वर्दळ वाढली. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत करेऱ्यातला माळढोक संपला.

आणि तरीही अभयारण्य राहिले. पक्षी नाही, बंधने आहेत. एक-दोन नव्हे, पंचवीसहून अधिक वर्षे. अगदी अलीकडे ते अधिसूचनेतून वगळले गेले.

दिहायलाच्या तलावाकाठी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने आम्हाला बसायला बाज टाकली. आम्ही माळढोकाची चौकशी करतो आहोत हे कळल्यावर आधी तो गप्प झाला. मग म्हणाला, “बाबूजी, पोरीच्या लग्नाला चार बिघे विकायचे होते. तहसिलीत सांगितले, इथे चिरैया राहते, विकता येणार नाही. मी म्हटले, साहेब, ती कुठे राहते ते मला दाखवा, मी तिला हात जोडून विनवतो.” तो हसत होता. आम्हाला हसता आले नाही. परतीच्या वाटेवर गाडीत कुणीच फार बोलले नाही.

आपल्यातल्या सोलापूरकडच्या मंडळींना ही गोष्ट ओळखीची वाटेल. १९७९ मध्ये सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत माळढोकासाठी सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरचे अभयारण्य कागदावर आले. त्यात गावे, शहरे, रस्ते, कारखाने, सगळेच होते. पुढे ते सुमारे बाराशे चौरस किलोमीटरवर आणावे लागले. आज नान्नजला एखादा माळढोक दिसला तरी वर्तमानपत्रात बातमी येते. साऱ्या देशात आता हा पक्षी दीडशेच्या आतबाहेर उरला आहे, तोही बहुतेक राजस्थानात. तिथे विजेच्या तारांना आदळून तो मरतो. अंग जड, समोरचे धड दिसत नाही, ऐन वेळी वळता येत नाही. जैसलमेर भागात २०१९ पासून त्याची पैदास केंद्रात करण्याचे काम सुरू झाले, आणि २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिले पिल्लू जन्मले. ही मोठी गोष्ट आहे. पण ते पिल्लू मोठे झाल्यावर सोडायचे कुठे, हा प्रश्न पुन्हा माळावरच येऊन थांबतो. आणि माळ म्हणजे आपल्या सरकारी दप्तरात ‘पडीक’. पडीक म्हटले की कुणीही काहीही करायला मोकळा.

करेऱ्याहून येताना आमच्या वहीत पहिला प्रश्न लिहिला गेला: रक्षणाची किंमत कोण भरतो, आणि त्याला विचारले होते का?

दुसरी फेरी चंबळेची. मुरैनाच्या पुढे देवरीला घडियालांचे केंद्र आहे. शाळेच्या सहलीला आपल्यापैकी पुष्कळांनी ते पाहिले असेल. घडियाल, म्हणजे लांब चिमटीसारख्या जबड्याची सुसर. नराच्या नाकावर मडक्यासारखा फुगा येतो, त्या ‘घड्या’वरून हे नाव. तो मासे खातो. माणसाच्या वाटेला जात नाही. एके काळी सिंधू नदीपासून ब्रह्मदेशातल्या इरावतीपर्यंत याचे राज्य होते. १९७० च्या दशकात हा जगातून जातो की काय अशी वेळ आली. रानातली संख्या दोनशेच्या आत आल्याचा अंदाज होता. तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेचे एक तज्ज्ञ भारतात आले आणि १९७५ मध्ये मगर प्रकल्प सुरू झाला. त्या तज्ज्ञांचे आडनाव होते बस्टर्ड. इंग्रजीत माळढोकाला हाच शब्द आहे! आमच्यातल्या निवृत्त शिक्षिका ताई म्हणाल्या, “बस्टर्डने घडियाल वाचवला, पण बस्टर्डला वाचवायला कोणी घडियाल आला नाही.”

काम कसे चालते ते देवरीला नीट समजते. मार्च-एप्रिलात मादी नदीकाठच्या वाळूत खड्डा करून तीस-चाळीस किंवा अधिक अंडी घालते. पावसाचा पूर यायच्या आधी, जूनमध्ये पिल्ले बाहेर येतात. काही घरट्यांतली अंडी आणून केंद्रात उबवतात, पिल्ले सव्वा मीटरभर होईपर्यंत सांभाळतात आणि मग नदीत सोडतात. १९७० च्या दशकाच्या अखेरीस चंबळेवर तीन राज्यांत पसरलेले अभयारण्य झाले. संख्या वाढली. वाटले, जिंकलो. १९९० च्या दशकात पैसा आटला, लक्ष उडाले. १९९७ मध्ये प्रौढ घडियाल ४३६ मोजले गेले होते, ते २००६ मध्ये १८२ राहिले. २००७ मध्ये लाल यादीत घडियालापुढे सर्वांत गंभीर शेरा लागला. आणि त्याच हिवाळ्यात, २००७-०८ मध्ये, चंबळेच्या खालच्या भागात इटाव्याकडे शंभरावर घडियाल मरून पडले. मूत्रपिंडे निकामी झाली होती. विषाचा संशय होता.

आमच्यातले चौथे सभासद पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले काका आहेत. ते नदीकाठी उभे राहून म्हणाले, “पिल्ले मोजून सोडली, पण नदी मोजली नाही.” वाक्य लहान आहे, पण आमच्या सगळ्या फेऱ्यांत यापेक्षा महत्त्वाचे काही आम्ही ऐकले नाही. जात वाचवणे आणि तिचे घर वाचवणे ही दोन कामे नाहीत. पिल्ले सोडायला वाळूचा काठ हवा, मोठी व्हायला खोल डोह हवा. तो नसेल तर आपण नुसते हौद भरतो.

नंतर पुन्हा काम नेटाने सुरू झाले. आज चंबळेत दोन हजारांहून अधिक घडियाल मोजले जातात. जगात उरलेल्या घडियालांपैकी बहुसंख्य एकट्या या नदीत आहेत. आणि ते एकटे नाहीत. त्याच वाळूत एक कासव अंडी घालते. विणीच्या काळात त्याच्या नराच्या डोक्यावर लाल पट्टे उमटतात, म्हणून लोक त्याला लाल तिलकधारी म्हणतात. जगात त्याचा शेवटचा भक्कम आसरा चंबळच आहे. त्याच वाळूच्या बेटांवर पनचिरा पक्षी अंडी घालतो. खालची चोच लांब असलेला, पाणी चिरत उडणारा. त्याच डोहांत गंगेची डॉल्फिन, आपली सूंस, वर येऊन श्वास घेते. एक नदी राखली की एवढे सगळे राखले जाते.

वहीत दोन प्रश्न आणखी लिहिले गेले. हा जीव इथून गेला तर जगातूनच जातो का? आणि याचे घर राखले तर सोबत आणखी कोण वाचते?

तिसरी फेरी कुनोची. तिथली कथा आपल्या घरातली आहे, कारण तिची सुरुवात शिंद्यांच्या काळात होते. १८७० च्या दशकात गुन्याच्या बाजूला मध्य भारतातला शेवटचा सिंह मारला गेला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला महाराज माधवराव शिंदे यांनी आफ्रिकेतून सिंह आणवले आणि पुढे शिवपुरी-श्योपूरच्या रानात सोडले. ते गुरांवर, मग माणसांवर उठले आणि प्रयोग गुंडाळावा लागला. हौसेला तयारीची जोड नव्हती.

दुसरा प्रयत्न मात्र तयारीने झाला. आशियाई सिंह जगात फक्त गुजरातेत, गीर आणि त्याच्या आजूबाजूला आहेत. संख्या चांगली वाढली आहे. २०२० मध्ये ६७४ होती, २०२५ मध्ये ८९१. पण सगळी अंडी एकाच टोपलीत म्हणतात तशी स्थिती. २०१८ मध्ये कुत्र्यांपासून पसरणाऱ्या रोगाची साथ आली आणि काही आठवड्यांत वीसहून अधिक सिंह गेले. अशा साथीसाठीच दुसरे घर हवे, म्हणून १९९० च्या दशकात शास्त्रज्ञांनी कुनो निवडले. त्यासाठी २४ गावे, सुमारे दीड हजार कुटुंबे, त्यातली बहुतेक सहरिया आदिवासी, रानातून उठवून बाहेर वसवली गेली. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, सहा महिन्यांत सिंह कुनोला न्या. त्याच निकालात चित्ता आणण्याचा बेत अडवला आणि माळढोकासारख्या देशी, मरणपंथाला लागलेल्या जातींसाठी तातडीने योजना आखायला सांगितले. पुढे २०२० मध्ये न्यायालयानेच प्रयोग म्हणून चित्त्याला परवानगी दिली. सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियातून आठ आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून बारा चित्ते आले. सिंह अजून आलेले नाहीत.

आमच्यात सर्वांत मोठा वाद इथे झाला. आमच्यातला तरुण सभासद म्हणाला, “चित्ता भारतातून १९५२ मध्ये नामशेष जाहीर झाला. तो परत येतो याचा आनंद का मानू नये? त्याच्या नावाने गवताळ रानाला पैसा मिळेल, लोक बघायला येतील, श्योपूरसारख्या गरीब जिल्ह्यात काम निघेल.” हा मुद्दा खोटा नाही. कुनोत पिल्लेही जन्मली आहेत, आणि ती पाहायला जाताना आमचेही डोळे दुर्बिणीला चिकटले होते. पण आमचा प्रश्न तेवढाच नव्हता. आफ्रिकेतला चित्ता आफ्रिकेत अजून हजारांनी आहे. कुनोत तो टिकला नाही तरी जगातून जात नाही. सिंहाचे दुसरे घर झाले नाही आणि गीरमध्ये मोठी साथ आली, तर मात्र आशियाई सिंहाला दुसरा थारा नाही. शिवाय ज्या सहरियांनी सिंहासाठी घर सोडले, त्यांच्यापैकी एक बाई आम्हाला नव्या वस्तीत भेटल्या. त्या म्हणाल्या, “आम्हाला सांगितले सिंह येणार. मग म्हणाले चित्ता आला. आमच्यासाठी जे यायचे होते, पाणी आणि शेताला विहीर, ते कुठवर आले ते कुणी सांगत नाही.”

तरुण सभासद त्या दिवशी वाद घालायचा थांबला. त्याला चित्ता नकोसा झाला असे नाही. त्याने वहीत चौथा प्रश्न स्वतःच्या हाताने लिहिला: आपण जे करणार त्याने खरेच फरक पडेल का, की ते आपल्याशिवायही होणारच आहे?

हा प्रश्न ५१ हजारांच्या हिशेबाला फार उपयोगी पडला. चित्त्यामागे सरकार आहे, जग आहे. आपल्या रकमेने तिथे काडीचा फरक पडत नाही. माळढोकाला वाचवायचे खरे ठिकाण आता जैसलमेर आहे. तिथले काम तारांचे आणि पैदास केंद्राचे; तेही आपल्या आवाक्याबाहेरचे. करेऱ्यात आता पैसा टाकून पक्षी येणार नाही. हे लिहिताना ज्येष्ठांना वाईट वाटले. आम्हालाही वाटले. पण ज्याच्यावर जीव आहे त्यालाच पहिला नंबर, असे केले तर मग समितीची गरजच काय होती?

चारही प्रश्नांना चंबळच उतरते. इथून घडियाल गेला, लाल तिलकधारी गेला, तर जवळजवळ जगातूनच गेला. एकाला राखले की चार-पाच वाचतात. कारणे कळलेली आहेत: वाळूचा उपसा, पाण्याची ओढ, जाळ्यात अडकणे, घरट्यांची नासधूस. आणि थोड्या पैशांतही फरक पडेल असे एक काम आहे. मार्च ते जून या काळात नदीकाठच्या गावातले तरुण घरट्यांची राखण करतात, कुत्री-कोल्ही आणि गुरे हाकलतात, पुराच्या आधी अंड्यांवर लक्ष ठेवतात. आमची शिफारस अशी की ही रक्कम वनखात्याच्या परवानगीने आणि देखरेखीखाली, अशा राखणदारांच्या मानधनाला जावी. म्हणजे करेऱ्याची चूक इथे होणार नाही. तिथे लोकांवर ओझे टाकले आणि त्यांच्या हाती काही दिले नाही. रतलामजवळ सैलान्याला खरमोरासाठी, म्हणजे आपल्या तणमोरासाठी, पक्षी शेतात दिसला की कळवणाऱ्या शेतकऱ्याला वनखाते रोख बक्षीस देत आले आहे. पक्षी शेतात आला की शेतकऱ्याला तो जप्तीची नोटीस वाटायला नको, पाहुणा वाटायला हवा.

इथे भाषण संपवता आले असते. टाळ्याही मिळाल्या असत्या. पण समितीच्या शेवटच्या बैठकीत जे झाले ते सांगितल्याशिवाय हा अहवाल पुरा होत नाही.

पाटबंधारेवाल्या काकांनी विचारले, “पैसे दिले की आपण मोकळे का?” मग ते दोन गोष्टी बोलले. पहिली, वाळू. चंबळ अभयारण्यात वाळूउपशाला बंदी आहे, तरी चोरटा उपसा चालतो, हे मुरैना-ग्वाल्हेर रस्त्यावरून रात्री जाणाऱ्याला सांगायला नको. ज्या वाळूत घडियालाची मादी अंडी घालते, ती वाळू शेवटी कुठल्या तरी स्लॅबमध्ये जाते. आम्हा चौघांपैकी दोघांची घरे गेल्या दहा वर्षांत बांधली गेली आहेत. काकांनी विचारले, “वाळू कुठली आहे, हे ठेकेदाराला विचारले होते?” नाही. दोघांनीही विचारले नव्हते. भाव विचारला होता.

दुसरी गोष्ट पाण्याची. तिघऱ्याचे धरण आपल्या गावाला पुरत नाही, म्हणून चंबळेचे पाणी ग्वाल्हेरपर्यंत आणायच्या योजनेचे आपण कित्येक वर्षे ऐकतो आहोत. उन्हाळ्यात ज्यांच्या घरी एक दिवसाआड पाणी येते, त्यांना हे पाणी नको असे म्हणायचा आम्हाला अधिकार नाही. आम्ही तसे म्हणतही नाही. पण उन्हाळा हाच घडियालाच्या आणि कासवाच्या विणीचा काळ. तेव्हा नदी आधीच रोडावलेली असते. पाणी आणखी उतरले की डोह उथळ होतात, वाळूची बेटे काठाला जोडली जातात, आणि काठावरची कुत्री चालत घरट्यापर्यंत पोहोचतात. पनचिऱ्याची अंडी बेटावर सुरक्षित असतात ती भोवती पाणी असते म्हणूनच. ग्वाल्हेरमधल्या गळक्या नळाचा आणि चंबळेतल्या घरट्याचा असा सरळ संबंध आहे. काका आयुष्यभर पाटबंधाऱ्यात होते; ते हे हिशेबाने सांगत होते, भावनेने नाही.

म्हणजे आमच्या वहीतला पहिला प्रश्न, किंमत कोण भरतो, फिरून आमच्याच दारात येऊन उभा राहिला. करेऱ्याच्या शेतकऱ्याने किंमत भरली. सहरियांनी भरली. आपण आत्तापर्यंत फक्त वर्गणी भरली आहे.

म्हणून शिफारशीत पैशांखेरीज दोन गोष्टी जोडल्या आहेत. त्यांना खर्च नाही, म्हणून त्या अवघड आहेत. एक, मंडळाच्या सभासदाने घर बांधताना वा वाढवताना वाळूची रीतसर पावती मागावी, आणि ती मिळाली नाही तर ती वाळू घेऊ नये. दोन, मंडळाच्या इमारतीत पावसाचे पाणी जिरवण्याची सोय येत्या पावसाळ्यापूर्वी करावी, आणि निदान आपल्या वाड्यांत, सोसायट्यांत, गळके नळ आणि भरून वाहणाऱ्या टाक्या यांची एक पाहणी व्हावी. पाहणीला काका स्वतः येणार आहेत. त्यांना चहा द्यावा, साखर कमी.

चिमण्यांचा विषय काढणाऱ्या काकूंना आम्ही विसरलेलो नाही. अंगणातली चिमणी राखायला समिती लागत नाही, ते आजच करावे. पण जिथे पैसा थोडा, माणसे थोडी आणि वेळ त्याहून थोडा, तिथे क्रम लावावाच लागतो. क्रम लावणे म्हणजे मागे राहिलेल्यांना टाकून देणे नव्हे. माळढोकाचे नाव आमच्या वहीत आहे. घाटीगावचे जे माळ अजून नांगरले गेलेले नाहीत, त्यांना ‘पडीक’ म्हणायचे तरी आपण आपल्या तोंडाने बंद करू. पुढची पिढी कधी तो पक्षी परत आणू शकली, तर त्याला उतरायला जागा हवी.

येत्या मार्चमध्ये, वीण सुरू होताना, चंबळेवर मंडळाची सहल न्यायचा विचार आहे. काठावरून दुरूनच पाहायचे, वाळूत उतरायचे नाही, ही अट आहे. जूनमध्ये पिल्ले निघतात तेव्हा कधी कधी मोठा नर पाण्यात उभा असतो आणि शेकडो पिल्ले त्याच्या पाठीवर चढलेली असतात, असे तिथले लोक सांगतात आणि त्याची छायाचित्रेही आहेत. आम्ही हिवाळ्यात गेलो होतो, आम्हाला ते दिसले नाही. पाहायचे राहिले आहे.

शिफारशीवर कार्यकारिणी अनंत चतुर्दशीनंतर निर्णय घेईल. तोवर ज्याला आमचा क्रम चुकीचा वाटतो त्याने जरूर भांडावे. वही मंडळाच्या कार्यालयात ठेवली आहे, तिच्यात मागची पाने कोरी आहेत.



गणपती बाप्पा मोरया!